फायबरच्या होडीला ऑइलपेंट फासायच्या आधी एक बादली पाणी मारून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत चांदीची भांडी कशी उजळायची, आजोबांचं सागवानी कपाट कसं पॉलिश करायचं, गाडीवरचे ओरखडे कसे घालवायचे हे सगळं येऊन गेलंय, मी वाचतो, काही कात्रणं कपाटात पण आहेत. पण मुंबईला एवढा समुद्र, वर्सोवा मढ वरळी माहीम कफ परेड ट्रॉम्बे करत एवढे कोळीवाडे, आणि प्रत्येक ठिकाणी फायबरच्या होड्या उभ्या, त्या होडीच्या अंगाबद्दल कधी दोन ओळी आल्या नाहीत म्हणून मीच लिहितोय. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर माझं रडगाणं कापा, कामाचं तेवढं ठेवा.

सांगायचंय एवढंच की फायबरची होडी पांढुरकी पडली, हात लावला की शाळेतल्या फळ्यासारखी खडूची पावडर बोटाला लागायला लागली, तर लगेच ऑइलपेंटचा डबा आणू नका. आमच्याकडे सगळे तेच करतात, नारळी पौर्णिमा जवळ आली की ब्रश आणि डबे बाहेर येतात. मी पण केलंय, आणि त्याचीच शिक्षा म्हणून यंदाचा अख्खा एप्रिल नि अर्धा मे मी हातात वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, घेऊन काढला.

आमची होडी वीस फुटी, १९९९ सालची, पांढरी, वर निळा पट्टा. बाबांनी घेतली तेव्हा वाड्यात लाकडी होड्या भरपूर होत्या आणि फायबरला लोक प्लास्टिकची म्हणून हसायचे. बाबा गेल्यावर होडी सात वर्षं घरामागे उघड्यावर पडून होती, मी नोकरीवाला माणूस, शनिवार-रविवार गळ टाकायला मढच्या बाजूला जावं एवढीच हौस, तीपण मेव्हणा बरोबर असेल तर. सात वर्षांत ऊन, खारा वारा, बगळ्यांची नि कावळ्यांची घाण, समोरच्या बिल्डिंगच्या कामाचं सिमेंट सगळं तिच्यावर बसलं. निळा पट्टा तर असा झाला होता की आई विचारायची, हा राखाडी रंग कधी मारलास रे.

आता एक गंमत. दरवर्षी पहिला पाऊस पडला की ती होडी नवी दिसायची. खरंच नवी, निळा पट्टा गडद, पांढरा रंग तुकतुकीत. पाऊस थांबला, वाळली, की परत राख. बाबा असताना पण असंच व्हायचं, ते म्हणायचे बघ अंघोळ केली की कशी दिसते. आम्ही हसायचो आणि विषय संपायचा. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की जर रंग खरंच उडाला असेल तर पाणी लागल्यावर तो येतो कुठून?

झालं असं असतं, की फायबरच्या होडीवर जे दिसतं तो रंग नसतोच. त्याला जेलकोट म्हणतात. गणपतीचा साचा बघितलाय ना, तसा होडीचा साचा असतो, आणि होडी बाहेरून आत बनते. साच्याला आधी मेण लावतात म्हणजे चिकटू नये, मग जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, ते स्प्रेने नाहीतर ब्रशने साच्याला लावतात, आणि ते धरल्यावर त्याच्या मागे काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिनचे थर चढवतात. म्हणजे घर बांधताना आधी रंग, मग गिलावा, मग भिंत. साच्यातून काढली की बाहेरची बाजू आरशासारखी निघते कारण साचाच आरशासारखा होता. या जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवा, तेवढी. हे पाच कागद लक्षात ठेवा, पुढे लागतील.

त्या पाच कागदांतला वरचा अगदी पातळसा पापुद्रा उन्हाने मरतो. उन्हातले अतिनील किरण रेझिनची साखळी तोडतात, हवेतला प्राणवायू मदतीला असतोच, रेझिन भुगा होतं आणि त्यात पकडून ठेवलेलं रंगद्रव्य सुटं होतं. तीच ती खडूची पावडर. पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे पडतात, उजेड त्यात विखुरतो म्हणून पांढुरकं दिसतं. पाणी ते खड्डे भरतं, तेवढ्यापुरतं सपाट होतं, आणि खालचा रंग दिसतो. घरातली कडप्पा लादी कोरडी असताना राखाडी आणि ओली झाली की काळी दिसते, तसंच. आणि मुंबईचं ऊन म्हणजे काय सांगायचं, वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पेपरात शून्य सावली दिवस म्हणून तुम्हीच छापता. जुलैत निदान ढग असतात. मे महिन्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते आणि तिच्यावर काहीही नसतं.

म्हणून पहिली परीक्षा फुकटची आहे. एक बादली पाणी मारा. ओली असताना रंग परत दिसला तर काम होण्यासारखं आहे, जेलकोट शिल्लक आहे. ओली करूनही डागाळलेली, आतले काचेचे धागे दिसतायत, कुठे गडद चट्टे, तर जेलकोट संपलाय, मग पॉलिशच्या नादी लागू नका, तो वेगळा खर्च आहे, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मला ही अक्कल कशी आली ते सांगतो. होडीच्या कडेला रबराची बीडिंग होती, कुजली होती, मेव्हणा म्हणाला काढून टाकू. काढली तर खाली चार बोटं रुंद निळा पट्टा, असा निळा की मला बाबांनी होडी आणली तो दिवस आठवला. होडी तीच, वय तेच, पाणी तेच, फक्त तिथे ऊन पोचलं नव्हतं. मी आणि मेव्हणा दोघंही पाचेक मिनिटं नुसते त्या पट्ट्याकडे बघत बसलो होतो.

त्याच्याआधी दोन चुका झाल्या होत्या त्या पण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. पहिली, तीन वर्षांपूर्वी शेजारच्या आजाने सांगितलं, "अरं होरीला रंग मार नं पान्यान सोर, कला कटकट करतंस." म्हणून मागची बाजू आणि आतला भाग ऑइलपेंटने रंगवला. आजाची चूक नाही हो. त्याचं सगळं आयुष्य लाकडी होडीवर गेलं. लाकडाला दरवर्षी काहीतरी पाजावंच लागायचं, पूर्वी मुशीच्या लिव्हरचं तेल लावायचे, वास असा की दोन गल्ल्या पलीकडे कळायचं कोणाची होडी चालू आहे, पण लाकूड ते पितं, टिकतं. ती सवय फायबरवर आली. फायबर काही पीत नाही. खडू झालेल्या पावडरवर मारलेला ऑइलपेंट म्हणजे पिठावर चिकटवलेला कागद, पहिल्याच पावसाळ्यात फोड आले आणि पापडासारखा सुटायला लागला. आणि सुटतो तो पण धड नाही, अर्धा सुटतो अर्धा चिकटून बसतो. तो काढायला दुकानदाराने पेंट रिमूव्हर दिला होता, बरं झालं मी आधी कोपऱ्यात लावून बघितला, जेलकोटच मऊ पडायला लागला. रंग काढायची जी जहाल रिमूव्हरं मिळतात त्यातली बरीच पॉलिएस्टरला पण खातात. शेवटी प्लास्टिकची पट्टी, थोडं थिनर फडक्यावर घेऊन, आणि शिव्या, यांनी तो रंग काढला.

दुसरी चूक जास्त महाग. एक जण आला, पॉलिशवाला, गाड्यांचं काम करतो म्हणाला, सहा हजार घेतले, दोन तासांत होडी अशी चमकवली की मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, आत्याने तर नवीन घेतलीस का विचारलं. तीन आठवड्यांनी साबणाने धुतली आणि चमक साबणाबरोबर नाल्यात. सिलिकॉनचं तेल होतं ते. पाण्यासारखंच, खड्डे भरले, खडू तसाच खाली. फोन केला तर म्हणे साहेब तुम्ही साबण कशाला लावला. वर त्याचा अजून एक त्रास असतो जो मला नंतर कळला, सिलिकॉन त्या बारीक खड्ड्यांत मुरून बसतं आणि पुढे कधी तिथे जेलकोट किंवा रंग मारायला गेलात तर माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात, रंग तिथे बसतच नाही. तेव्हा कोणी तासाभरात चमकवून देतो म्हणाला तर पैसे द्यायच्या आधी एका कोपऱ्यात थिनरचं फडकं फिरवा. चमक गेली तर त्यालाही जाऊ द्या.

आता खरं काम. मला कोणी शिकवलं नाही, अर्धं एका फायबरवाल्या कारागिराने सांगितलं, तो होड्या नाही बनवत, गार्डनमधल्या घसरगुंड्या आणि पाण्याच्या टाक्या बनवतो पण माल तोच, आणि अर्धं चुका करून.

आधी धुणं. गोडं पाणी आणि साधा भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. इथे लोक ॲसिड आणतात, बाथरूमचं, कृपा करून नको, स्टीलचे बोल्ट, ॲल्युमिनियम सगळं खराब होतं. तारेचा ब्रश आणि स्टीलचा काथ्या तर अजिबात नको, त्याचे कण अडकतात आणि आठ दिवसांत गंजाचे ठिपके उठतात. बोल्टच्या खाली गंजाचे ओघळ असतील तर ऑक्सॅलिक ॲसिडची पातळ पेस्ट, हातमोजे घालून, थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवायची, तेवढंच. मग वाळल्यावर थिनर नाहीतर ॲसिटोनने पुसून घ्यायचं, जुनं मेण, तेल, त्या महाशयांचं सिलिकॉन निघावं म्हणून, फडकं सारखं बदलायचं नाहीतर तेच तेल इकडून तिकडे. हे पुसल्याशिवाय घासायला घेतलंत तर तो चिकटा तुम्ही आत दाबता. आणि ॲसिटोन उघडं असताना आजूबाजूला बिडी नको, आमच्याकडे हे सांगावं लागतं.

मग एक हातभर जागा निवडायची, न दिसणारी, आणि तिथे फक्त रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टने, घासून बघायचं. झालं तर वॉटर पेपरची गरजच नाही. माझ्या होडीची डावी बाजू, जी भिंतीच्या सावलीत होती, ती नुसत्या कंपाउंडवर आली. उजवी, पश्चिमेकडची, तिला पेपर लागला. पेपरचा नंबर जेवढा मोठा तेवढा बारीक, हे सांगतो कारण मेव्हण्याने उत्साहात २२० आणला होता, म्हणाला लवकर होईल. लवकर झालं असतं, पाच कागदांतले दोन तीन तिथेच गेले असते. मी १००० ने सुरू केलं, जिथे ऐकेना तिथे ८००, मग परत १०००, १५००, २०००. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवायचा, बादलीत साबणाचे दोन थेंब, लाकडी नाहीतर रबरी ठोकळ्यावर गुंडाळायचा, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघा उठतात. एका नंबरला आडवं, पुढच्याला उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. शिसपेन्सिलने हलक्या रेघा मारून घेतल्या तर अजून बरं, रेघ गेली की थांबायचं. पाणी आधी दुधासारखं निघतं, ते खडूचं पाणी, मग हळूहळू स्वच्छ व्हायला लागतं आणि पेपर जरा पकडायला लागतो, तेव्हा समजायचं की खाली जिवंत जेलकोट लागला.

कोरडं घासू नका. ती धूळ फुफ्फुसात जाते, मास्क लावा, चांगला, रुमाल नाही. आणि पाण्याखालच्या भागाला जो लाल-तपकिरी रंग असतो, शेवाळ-कालवं धरू नये म्हणून मारलेला, त्याला तर हातच लावू नका या कामात. त्यात बहुतेक तांबं असतं, ती पावडर विषारी. मेणसुद्धा पाण्याच्या रेषेच्या वरच. घासताना खाली जुनी ताडपत्री टाका म्हणजे तो सगळा गाळ खाडीत जाणार नाही, मासे आपणच खातो.

कोपरे, कडा, जिथे होडी वळते तिथे जेलकोट मुळातच पातळ असतो आणि पेपर नि मशीन दोन्ही तिथेच जास्त खातात. तिथे आधी मास्किंग टेप मारा आणि शेवटी हाताने काय ते करा. पुढच्या बाजूला आयएनडी एमएच असा रजिस्ट्रेशन नंबर असतो तोही टेपने झाका, मी एक आकडा अर्धा उडवला आणि परत रंगवून घ्यावा लागला, समुद्रात कोणी अडवलं तर काय सांगणार, बफिंग करत होतो?

मशीन. ग्राइंडर नको. ग्राइंडरला बफ लावून करतात लोक, त्याचा स्पीड दहा-अकरा हजार, जेलकोट जळतो. स्पीड कमी-जास्त करता येणारं पॉलिशिंग मशीन पाहिजे, मी नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून घेतलं, साधं, साडेतीन हजारांत, लोकरीचे दोन पॅड आणि फोमचा एक वेगळे. बाराशे ते पंधराशेच्या आसपास फिरवायचं. दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घ्यायचा, कंपाउंड पॅडला नाही होडीला ठिपक्या-ठिपक्यांनी लावायचं, मशीन बंद असतानाच पॅडने पसरवायचं आणि मग सुरू करायचं, नाहीतर पहिल्या सेकंदाला सगळं कंपाउंड तुमच्या बनियनवर. पॅड सपाट धरायचा, सारखं हलवत राहायचं, मधेमधे हाताची मागची बाजू लावून बघायची, कोमट चालेल, चटका नको. जळाला तर पिवळट डाग पडतो आणि एक विशिष्ट उग्र वास येतो, तो वास एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही, माझ्या होडीवर उजवीकडे अजून एक डाग आहे, दाखवेन. लोकरीचा पॅड सारखा साफ करायचा, सुकलेलं कंपाउंड त्यात बसलं की तेच ओरखडे पाडतं. आणि वायर. ओल्या जमिनीवर, पाण्याच्या बादलीशेजारी विजेचं मशीन, त्यामुळे ईएलसीबी (वीज गळली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरूनच घ्या आणि पेपरचं काम संपवून, सगळं पुसून, मग मशीन काढा.

वेळ सकाळी सहा ते साडेनऊ. त्यानंतर फायबर एवढं तापतं की कंपाउंड लावता लावता वाळतं. मी सहा रविवार घालवले, आणि मधल्या दोन दिवसांची रजा टाकली ती ऑफिसात लग्न सांगून.

लोकरीनंतर फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश, आणि मग मेण. हे शेवटचं लोक विसरतात किंवा कंटाळतात, आणि मग म्हणतात दोन महिन्यांत परत पांढरी पडली. पडणारच. घासून तुम्ही जिवंत जेलकोट उघडा केलाय, त्याला परत ऊन लागणार. कार्नोबा मेण नाहीतर मरीन सीलंट, पातळ पातळ दोन हात, दुसरा हात पहिला नीट पुसून झाल्यावर. जाड थापलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसताना हात मात्र मोडतात. आपल्या उन्हात तीनेक महिन्यांनी परत एक हात द्यावा लागतो. पाण्याचे थेंब गोळे होऊन घरंगळायचे थांबले, पाणी नुसतं पसरायला लागलं, की मेण संपलं समजा. हे एवढं केलं की परत पेपर लावायची वेळ कित्येक वर्षं येत नाही, आणि येऊच नये, कारण पाच कागद म्हणजे पाचच कागद आहेत, दरवर्षी एवढं घासलं तर थोड्याच वर्षांत मॅट वर येईल.

आता ज्यांची होडी बादलीच्या परीक्षेत नापास झाली त्यांच्यासाठी. जेलकोट संपला असेल तर एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, तो टिकतो, पण खर्च आहे आणि तो घरी ब्रशने करायचा नाही, त्यातल्या हार्डनरची वाफ छातीला वाईट. छोट्या चिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या असतात त्या, व्हीसारखी खाच करून जेलकोटची पेस्ट भरता येते. मुंबईच्या उकाड्यात जेलकोट कडक करणारा हार्डनर बेताने, शेकडा एक-दीडच्या वर गेलात तर वाटीतच दगड होतो. साधा जेलकोट हवेला वरून चिकटच राहतो, वर प्लास्टिकचा कागद लावावा लागतो नाहीतर मेण मिसळलेला घ्यावा लागतो, नाहीतर माझ्यासारखं दोन दिवस बोट लावून लावून बघत बसाल. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापा साहेब: फायबरच्या दुकानात रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात, एक कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून) आणि एक हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा आणि मगच हार्डनर. दुकानदार बिनलेबलच्या बाटल्यांत देतो, सांगतो कधी, कधी नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घाला.

पावसाळ्याचं पण सांगतो कारण आता सगळ्या होड्या वर आहेत, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पूर्वी होड्या शाकारायचे, झावळ्यांनी, त्याच्यातून वारा खेळायचा. आता निळी ताडपत्री घट्ट बांधतात, थेट अंगाला. जूनच्या वाऱ्यात ती ताडपत्री दिवसरात्र फडफडते, तिच्याखाली वाळू अडकलेली, म्हणजे दोन महिने फुकटचा पेपर चालू असतो, तोही किती नंबरचा देव जाणे. आत दमट राहून काळी बुरशी येते ती वेगळीच. मी या वर्षी आडवे बांबू टाकून ताडपत्री वर उचलून बांधली, अंगाला लागत नाही, दोन्ही टोकांना वारा जातो. आजा बघून म्हणाला, हे तं शाकारल्यावानीच झालं. मी म्हटलं हो आजा, तुझंच आहे.

शेवटी एक मागणी, कारण संपादकांना पत्र लिहून मागणी केली नाही तर काय उपयोग. आमच्या धक्क्यावर गोड्या पाण्याचा साधा नळ नाही. प्रत्येक फेरीनंतर होडी गोड्या पाण्याने धुतली तर अर्धं काम तिथेच होतं, मीठ वाळून अंगावर बसत नाही, मेण टिकतं, इंजिनालाही बरं. मी घरून चार कॅन नेतो, वीस-वीस लिटरचे, मेव्हणा दोन नेतो आणि वाटेत एक सांडतो. एक नळ आणि एक पत्र्याची शेड, जिथे चार होड्या सावलीत उभ्या राहतील, एवढं ज्यांच्या हातात आहे त्यांनी करावं. मच्छीमार सोसायट्यांनी एक पॉलिशिंग मशीन घेऊन ठेवलं तरी प्रत्येकाला वेगळं घ्यायला नको. सहा हजार जे मी त्या सिलिकॉनवाल्याला दिले त्यात मशीन, पॅड, पेपर, कंपाउंड, मेण सगळं येऊन वर वडापावचे पैसे उरले असते.

आपला,
एक वाचक, वर्सोवा कोळीवाडा

ता. क. पत्र पाकिटात घालताना शेजारचा आजाचा नातू मशीन मागायला आला, त्यांच्या होडीवर पण बादली मारून बघितली म्हणे, हिरवी आहे, गेली दहा वर्षं आम्ही सगळे ती पिस्ता कलरची समजत होतो. दिलंय. फक्त परत आणताना पॅड धुऊन आण म्हटलं, मागच्या वेळी मेव्हण्याने तसाच आणला होता, सिमेंट झाला होता.